कै. रमाबाई रानडे : हाताला काम व कामाला मान मिळवून देणारी माउली

महोत्सवाच्या निमित्ताने मागे वळून पाहावे, लाभलेल्या कृपेबद्दल देवाचे आभार मानावे व पुढील वाटचालीचा विचार करावा, ही जुनी व चांगली रीत आहे. आपल्या धर्मग्रामाचा इतिहास वाचकांस ह्या स्मरणिकेच्या इतर पानांतून वाचावयास मिळेलच. आम्ही येथे एका अशा स्त्रीचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे, की जी आपल्या ख्रिस्तसभेची नव्हती, जिला जाऊन शंभर वर्षे लोटली, परंतु जिने आरंभिलेल्या कार्याची गरज आपल्या घराघरांत आजही भासते. आमच्याकडे येणाऱ्या आयाबायांचे मागणे बहुधा एकच असते : मुलीला काही काम शिकवा आणि तिला कोठेतरी उभी करून द्या. हे मागणे ऐकावयास साधे, परंतु पुरविण्यास फार कठीण. काम शिकविणारे पुष्कळ भेटतात. शिकलेल्या कामावर माणूस उभे राहील अशी व्यवस्था करणारे थोडे. त्या थोड्यांपैकी एक कै. रमाबाई रानडे ह्या होत.

आपल्या दिंडोरीस लागूनच निफाड तालुका आहे. त्या निफाडास १८ जानेवारी १८४२ रोजी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांचा जन्म झाला, हे आपल्याकडील शाळकरी मुलांसही ठाऊक असते. न्यायमूर्तींचे नाव सर्वतोमुखी झाले. त्यांच्या पत्नीचे कार्य मात्र पतीच्या कीर्तीच्या छायेत काहीसे झाकले गेले. ह्या दोघांचा आपल्या जिल्ह्याशी आणखीही एक संबंध आहे. तो पुढे ओघाने येईल.

रमाबाईंचे माहेरचे नाव यमुना. पूर्वी सातारा जिल्ह्यात असलेल्या व आता सांगली जिल्ह्यात मोडणाऱ्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकर घराण्यात १८६३ च्या जानेवारीत त्यांचा जन्म झाला. मुलीने अक्षर गिरविले तर घरावर संकट ओढवते, अशी समजूत त्या काळी चांगल्या घरांतूनही होती. त्यामुळे यमुनेच्या हाती पाटी आलीच नाही. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षात, तिचा विवाह झाला. वर तिच्याहून एकवीस वर्षांनी मोठे, विद्वान, सरकारी न्यायखात्यात चढलेले आणि विधुर. रानडे हे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. तेव्हा त्यांनी एखाद्या विधवेचाच स्वीकार करावा, अशी त्यांच्या मित्रांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले, व त्याबद्दल त्यांना जन्मभर लोकांचे बोल सोसावे लागले. त्या विवाहाचे समर्थन करण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. सांगावयाचे ते इतकेच, की घरी आलेल्या त्या निरक्षर मुलीस रानड्यांनी स्वतः शिकवावयास आरंभ केला. आधी मराठी लिहिणे-वाचणे, मग इतिहास, भूगोल व गणित, आणि पुढे इंग्रजी.

घरातील वडीलधाऱ्या बायकांना ही गोष्ट मुळीच रुचली नाही. पतीने शिक म्हणावे, घरच्या बायकांनी शिकू नकोस म्हणावे, आणि दोघांच्याही शब्दाबाहेर जाण्याची सोय नाही, अशा कात्रीत ती पोर सापडली. टोमणे आणि अबोला तिच्या नित्याचे झाले. तिने उलट उत्तर केले नाही व धडाही सोडला नाही. प्रौढ स्त्रीला विद्या येत नाही ती तिच्या बुद्धीत उणीव असते म्हणून, असे मानणारे तेव्हाही होते व आताही आहेत. खरा अडथळा तिच्या चुलीपाशी, ओसरीवर व शेजाऱ्यांच्या जिभेवर असतो, हे रमाबाई स्वतःच्या अनुभवाने शिकल्या. पुढे त्यांनी शेकडो स्त्रियांना कामाला लाविले, तेव्हा हेच ज्ञान त्यांच्या उपयोगी पडले.

१८७८ साली रानड्यांची बदली नाशिकास झाली. आपल्या जिल्ह्याशी असलेला दुसरा संबंध तो हाच. नाशिकातील एका शाळेच्या समारंभात रमाबाई पाहुण्या म्हणून प्रथम लोकांपुढे उभ्या राहिल्या. त्या दिवशीचे भाषण पतीने लिहून दिलेले होते. पाचसहा वर्षांपूर्वी जिला आपले नावही लिहिता येत नव्हते, ती कुलस्त्री चारचौघांत उभी राहून बोलते, हे पाहून त्या वेळच्या नाशिककरांस काय वाटले असेल, ह्याची कल्पना वाचकांनीच करावी.

पुढे पुण्यास १८८२ साली पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला, त्याच्या सभांना रमाबाई रानडे जाऊ लागल्या. घरच्यांचा रोष त्यामुळे अधिकच वाढला. १८८४ साली पुण्यात मुलींची इंग्रजी शाळा, म्हणजेच पुढे हुजूरपागा म्हणून प्रसिद्ध झालेली शाळा, निघावी म्हणून गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन ह्यांच्यापुढे स्त्रियांच्या वतीने इंग्रजीत निवेदन वाचण्याचे काम रमाबाईंकडे आले व ते त्यांनी पार पाडिले. अशा रीतीने एका घराच्या माजघरात चाललेला धडा गावाच्या कामास आला.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे निवर्तले. रमाबाईंचे वय तेव्हा अवघे अडतीस वर्षांचे. त्या काळच्या विधवेचे जिणे कसे होते, हे आजच्या तरुण मुलींना सांगूनही पटावयाचे नाही. अलंकार नाही, समारंभात स्थान नाही, कित्येकींच्या डोक्यावर केस नाहीत. कोणी दिले तर खावे, नाही तर कोपऱ्यात बसावे. रमाबाईंना अन्नवस्त्राची ददात नव्हती. त्यांनी देवधर्म करीत उरलेले आयुष्य घालविले असते तर त्यांना कोणीही नावे ठेविली नसती. सुमारे एक वर्ष त्या घराबाहेर पडल्याच नाहीत. त्यानंतर मात्र त्यांनी वाड्याचा दरवाजा उघडला, तो पुन्हा मिटला नाही.

त्या पुण्याच्या तुरुंगात जाऊन तेथील बायाबापड्यांशी बोलत बसू लागल्या. सुधारशाळेत ठेवलेल्या मुलांकडे सणासुदीस खाऊ घेऊन जात. इस्पितळातील रोग्यांना फळे, फुले व पुस्तके नेऊन देत. ह्या भेटींस कोणी केवळ दानधर्म समजेल. परंतु ज्याला पुढे काही उभारावयाचे आहे, त्याने आधी दुःखितांच्या दारी जाऊन बसावे लागते. निराधार बाईला आज जेवू घातले तरी उद्याचा प्रश्न सुटत नाही. तिच्या हाती काही कसब हवे, आणि त्या कसबाला गिऱ्हाईक हवे, हा विचार अशा भेटींतूनच दृढ होतो. १९१० साली प्रसिद्ध झालेले रमाबाईंचे आठवणींचे पुस्तक आज मराठीतील उत्तम आत्मचरित्रांत गणले जाते; परंतु ते छापले जात होते तेव्हा त्या दुसऱ्याच कामात गुंतल्या होत्या.

ते काम म्हणजे सेवासदन. १९०८ साली मुंबईस बेहरामजी मलबारी हे पारशी गृहस्थ व दयाराम गिडुमल हे सिंधी गृहस्थ ह्यांनी स्त्रियांना सेवेचे शिक्षण देणारी संस्था काढण्याचे मनात आणिले, आणि तिच्या अध्यक्षपदासाठी ते रमाबाईंकडे आले. रमाबाईंनी ते पद स्वीकारिले. पाठोपाठ २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुण्यातही सेवासदन सुरू झाले. आरंभीचे वर्ग रमाबाईंच्या राहत्या वाड्यातच भरत. नामदार गोखल्यांनी १९०५ साली स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे उजवे हात झाले. पैसा जमविणे, हिशेब ठेवणे, सरकारदरबारी पत्रव्यवहार करणे हे देवधरांनी पाहावे. बायकांच्या घरी जाऊन सासूसासऱ्यांची समजूत घालणे, आलेल्या बाईच्या मनातील भय घालविणे हे रमाबाईंनी पाहावे, असे हे जुळून आले. १९१५ साली पुण्याची संस्था स्वतंत्रपणे नोंदविण्यात आली.

आता ह्या संस्थेत काम कसे चाले ते पाहू, कारण चरित्राचा गाभा तेथेच आहे. १९११ च्या खानेसुमारीत हिंदुस्थानातील हजार स्त्रियांपैकी अवघ्या दहांना लिहिता-वाचता येत होते. तेव्हा एखाद्या प्रौढ विधवेस एकदम धंदेशिक्षण देणे शक्यच नव्हते. म्हणून पायरी पायरीने जावे लागले. ज्यांचे शाळेचे वय उलटून गेले अशा स्त्रियांसाठी प्राथमिक वर्ग, ही पहिली पायरी. ज्यांना घरबसल्या चार पैसे मिळवावयाचे त्यांच्यासाठी शिवणकाम व हस्तकौशल्य. ज्यांची बुद्धी व उमेद अधिक त्यांच्यासाठी शिक्षिकेचे शिक्षण. त्यासाठी संस्थेने स्त्रियांचे अध्यापन विद्यालयच चालविले. आणि ज्यांची सेवेची तयारी असेल त्यांच्यासाठी नर्स व सुईणीचे काम, तसेच वैद्यकीय शिक्षण.

ह्यांतील प्रत्येक धंद्याला त्या वेळी मागणी होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मुलींच्या शाळा निघत होत्या, पण त्यांत शिकवावयास स्त्रिया मिळत नव्हत्या. पडद्यातील व सोवळ्यातील बायका पुरुष डॉक्टरास हात लावू देत नसत, म्हणून इस्पितळांना देशी नर्सा हव्या होत्या. शिकणारीची गरज आणि समाजाची गरज जेथे एकत्र येतात तेथे वर्ग उघडावा, हे रमाबाईंचे व देवधरांचे धोरण त्यांच्या कामावरून उघड दिसते. केवळ शिकविणाऱ्याला जे येते ते शिकवावे, असे त्यांनी केले नाही.

दुसरी गोष्ट वसतिगृहांची. परगावची विधवा पुण्यास शिकावयास आली तर तिने राहावे कोठे? कोणाच्या घरी राहिली तर ती त्या घरची मोलकरीण होणार. एकटी राहिली तर लोक जगू देणार नाहीत. म्हणून संस्थेने वसतिगृहे काढिली. पुढे तर वैद्यकीय विद्यार्थिनींचे एक व नर्सांचे एक अशी निरनिराळी वसतिगृहे झाली. वर्गात काय शिकविले ह्याइतकेच रात्री ती कोठे निजते व कोणाच्या भरवशावर, ह्याला महत्त्व आहे, हे ज्या संस्थांना कळत नाही त्यांचे वर्ग ओस पडतात.

सर्वांत अवघड होते ते नर्सेचे काम. इंग्लंडात फ्लॉरेन्स नाइटिंगेल ह्यांनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात नर्सांची शाळा काढिली, तोपर्यंत तेथेही हे काम हलके गणले जाई. आपल्याकडे तर जातीची व सोवळ्याओवळ्याची भर पडली. परक्याच्या शरीरास स्पर्श करावयाचा, मलमूत्र काढावयाचे, रक्तपू धुवावयाचा, रात्रपाळी करावयाची, आणि तेही पुरुष डॉक्टरांच्या हाताखाली. अशा कामास चांगल्या घरची बाई जाईल, हे कोणाला खरे वाटत नव्हते. सेवासदनाने आपल्या विद्यार्थिनी पुण्याच्या ससून इस्पितळात शिकावयास पाठविल्या. हे शिक्षण पुस्तकातून होत नाही. ते रोग्याच्या खाटेशेजारी, अनुभवी परिचारिकेच्या नजरेखालीच व्हावे लागते. संस्थेने राहण्याची, देखरेखीची व अब्रूची हमी घेतली, इस्पितळाने कसब दिले, आणि शिकून झाल्यावर कामही तेथेच किंवा तशाच ठिकाणी मिळू लागले.

आपल्या पवित्र सभेतही ह्याच पद्धतीचे एक उज्ज्वल उदाहरण आहे. इटलीतील तुरीन शहरी संत जॉन बॉस्को ह्यांनी रस्त्यावरच्या निराधार मुलांना हाताशी धरिले, तेव्हा १८५२ च्या सुमारास त्यांनी कारागिरांशी लेखी करार करून घेतले. मालकाने मुलास खरोखर धंदा शिकवावा, त्याला मारहाण करू नये, धंद्याबाहेरची हलकी कामे सांगू नयेत, सणावारी सुट्टी द्यावी, अशी कलमे त्यांत असत. पुढच्याच वर्षी त्यांनी चांभारकामाचा व शिंपीकामाचा कारखाना स्वतः सुरू केला. तुरीनचा धर्मगुरू आणि पुण्याची विधवा ह्यांनी एकमेकांना कधी पाहिले नाही. तरी शिकणाऱ्याच्या पाठीशी कोणीतरी हमीदार उभा पाहिजे, हे मर्म दोघांनीही ओळखिले होते.

हमीदाराची खरी परीक्षा संकटाच्या वेळी होते. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभात बक्षीस घेण्यासाठी एक तरुण विधवा व्यासपीठावर आली. अंगावर विधवेचे जाडेभरडे लुगडे, केशवपन केलेल्या मस्तकावर पदर. तिला पाहताच वरच्या गॅलरीत बसलेले विद्यार्थी हुर्यो करू लागले. बिचारी बक्षीस घेऊन कशीबशी खाली उतरली. समारंभाच्या शेवटी रमाबाई बोलावयास उभ्या राहिल्या. एरवी शांत व मृदू असणाऱ्या त्या बाईंनी त्या दिवशी त्या शिकलेल्या तरुणांची चांगलीच कानउघाडणी केली. दैवाने आणि दुष्ट रूढीने जिला आधीच नाडले, अशा आपल्याच बहिणीची थट्टा करणारे स्वतःला सुशिक्षित म्हणवितात तरी कसे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सभागृह चिडीचूप झाले. वाचकहो, सेवासदनाचे मोठेपण आम्हांस ह्या प्रसंगात अधिक दिसते. बक्षीस देणारे पुष्कळ असतात. बक्षीस घेणारीचा अपमान झाला असता समारंभाची शोभा बिघडेल ह्याची पर्वा न करिता तिची बाजू घेणारा अध्यक्ष विरळा. त्या बोलण्याने एका बाईस धीर आला, आणि सभेत बसलेल्या इतर बायांनाही कळून चुकले की ह्या घरात आपल्या पाठीशी कोणी आहे.

रमाबाईंचे कार्य वाड्याच्या भिंतींत मावले नाही. १९१३ साली गुजरात-काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा त्या तेथे मदतकार्यास गेल्या. १९२० च्या सुमारास पुणे नगरपालिकेत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला. सक्ती फक्त मुलांपुरती करावी असा बहुतेकांचा कल दिसला, तेव्हा मुलींनाही ती लागू करावी म्हणून त्यांनी स्त्रियांना एकत्र आणून चळवळ केली. १९२१-२२ मध्ये मुंबई इलाख्यातील स्त्रियांच्या मतदानहक्कासाठी त्या झटल्या. उतारवयातही आषाढी-कार्तिकीस आळंदीच्या यात्रेत सेवासदनाच्या सेविका घेऊन त्या वारकरी बायांची सेवा करावयास जात. १९२४ साली त्यांचे देहावसान झाले. वाड्यातील लहानशा वर्गाने सुरू झालेल्या पुणे सेवासदनात त्या वेळी हजाराहून अधिक स्त्रिया शिकत होत्या. भारत सरकारने १९६२ साली त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढिले. मुंबई व पुण्याची सेवासदने आजही चालू आहेत.

असो. चरित्र संपले, आता त्यातून आपण काय घ्यावयाचे? आपल्या दिंडोरी तालुक्यात पाणी आले, द्राक्षबागा फुलल्या, छाटणीच्या व विरळणीच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात, आणि आपल्या स्वतःच्याही कित्येक लेकी-सुना बागेच्या रोजावर जातात. हंगाम असतो तोवर हाताला काम. हंगाम सरला की घरी बसावे लागते. मुलगी बारावी झाली तरी पुढे काय, हा प्रश्न उभाच असतो. मग कोणीतरी शिवणवर्ग काढतो. सहा महिन्यांनी प्रमाणपत्रे वाटली जातात, छायाचित्र निघते, आणि वर्ष उलटत नाही तोच शिवणयंत्रावर घड्या घातलेल्या गोधड्या रचलेल्या दिसतात. ह्यात शिकणारीचा दोष नाही. शिवलेले कपडे घेणार कोण, हे कोणी आधी विचारिलेले नसते.

म्हणून आमची अशी सूचना आहे, की महोत्सवाच्या वर्षी आपल्या धर्मग्रामात कोणताही नवा वर्ग उघडण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे मंडळींनी एकत्र बसून लिहून काढावीत. हे काम शिकलेल्या मुलीस रोज देणारा कोण, व त्याच्याशी आपण आधी बोललो आहोत काय? शिकण्याच्या काळात तिचे लेकरू कोण सांभाळील, तिचा बुडालेला रोज कसा भरून निघेल व परगावी जावे लागल्यास ती सुरक्षित कोठे राहील? आणि घरचे अडवू लागले, गाव हसू लागले किंवा मालकाने फसविले, तर तिच्यासाठी बोलावयास कोण उभे राहील? पहिल्या प्रश्नाचे उत्तर व्यवहारी माणसांनी द्यावे. आपल्यात बागाईतदार, शिक्षक, इस्पितळांत व कचेऱ्यांत नोकरी करणारे आहेत. दुसऱ्याचे उत्तर आपल्या माताभगिनींजवळ आहे. तिसऱ्याचे उत्तर देणे मात्र आम्हां पुढारी म्हणविणाऱ्यांचे कर्तव्य आहे, व ते दुसऱ्यावर ढकलता येणार नाही.

नाझरेथच्या सुताराच्या घरी वाढलेल्या प्रभूचे आपण अनुयायी आहोत. हाताच्या कामाला आपल्या धर्मात केवढा मान आहे, हे निराळे सांगणे नलगे. त्या मानाला शोभेल असे काम आपल्या लेकींच्या हाती यावे म्हणून निफाडच्या ह्या सुनेचा कित्ता आपण गिरवावा, व उत्तरे मिळाल्यावर पहिला वर्ग दहाच मुलींचा का होईना, परंतु दहाही जणी कामावर लागतील असा काढावा, एवढीच आमची विनंती आहे.